डेन्व्हर ते मोआब, मोटारहोमच्या मागे जीप

मोटारहोम, म्हणजे आत घर असलेली बस, दादाचं आणि जीप माझी. २०१२ची रँग्लर, साडेतीन इंच लिफ्ट (म्हणजे गाडी तेवढी उंच केलेली), ३५ इंची टायर, पुढे जाड लोखंडी बंपर आणि त्यात विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र. डेन्व्हरहून मोआब, यूटामधलं खडकांवर जीप चालवणाऱ्यांचं गाव, साधारण ३५० मैल. असल्या टायरवर तेवढं अंतर हायवेने जाणं म्हणजे कान आणि कंबर दोन्हींना शिक्षा, म्हणून आम्ही ती मोटारहोमला टोचन करून नेतो, ट्रेलरशिवाय, चारही चाकं रस्त्यावर.

रँग्लर अशी ओढता येते ती ट्रान्सफर केसमुळे, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीमुळे. त्याला स्वतःचा न्यूट्रल असतो. तो पडला की चाकं आणि शाफ्ट फिरत राहतात, पण गिअरबॉक्सपर्यंत काही पोचत नाही. मूळ कंपनीच्या रूपातल्या गाडीला हे सोपं असतं. आपण मात्र खडकासाठी गाडीत जे जे बदल करतो, त्यातले बहुतेक ओढताना आपल्याच विरुद्ध जातात. मोआबच्या रस्त्याला उंच केलेल्या जीपा कशाही जोडून नेताना दिसल्या की माझा जीव खाली-वर होतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी टो-बारची पातळी. हा दांडा मोटारहोमच्या मागच्या हिचला, म्हणजे ओढायच्या जोडाला, आणि जीपच्या पुढच्या बंपरला जोडतो. बार शक्यतो जमिनीला समांतर हवा, दोन टोकांत तीन इंचांहून जास्त फरक नको. लिफ्टमुळे जीपचे जोड वर जातात आणि मोटारहोमचा हिच राहतो खाली. तिरक्या बारवर जोराचा ब्रेक लागला की मागची गाडी पुढचीवर चढू बघते. आम्ही टेप लावून मोजलं तेव्हा सात इंचांचा फरक निघाला, म्हणून सहा इंच उंची देणारा अडॅप्टर घातला. हिचवर ५,००० पौंडांच्या मर्यादेची पाटी आहे. विंच, हत्यारं आणि भरलेली टाकी धरून जीप ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर ४,७०० भरली. अंदाजाने चाललो असतो तर एवढं वजन मनातही आलं नसतं. बंपर बाजारातून घेतलेला असेल, तर तो थेट चेसिसला बोल्टने घट्ट बसलाय ना, हेही खाली वाकून बघावं. सगळी ओढ त्या बोल्टांवर येते.

याहून महत्त्वाचा कॅस्टर. पुढचं चाक ज्या रेषेभोवती वळतं, तिचा मागे कललेला कोन म्हणजे कॅस्टर. रँग्लरमध्ये तो मुळात चार अंशांच्या आसपास असतो, आणि त्याच्याच जोरावर चाकं वळणानंतर आपोआप सरळ होतात. लिफ्ट केली की पुढचा अॅक्सल किंचित फिरतो आणि हा कोन कमी होतो. आपण चालवत असतो तेव्हा हात ते सांभाळून घेतात, पण ओढताना स्टीअरिंगवर कोणीच नसतं. निघण्याआधी एका मोकळ्या पार्किंगमध्ये दादाला हळू वळणं घ्यायला लावली आणि मी बाजूने चालत पुढची चाकं बघत राहिले. उजव्या वळणाला चाकं क्षणभर अडली, मग वळली आणि वळण सुटताच सरळ झाली. कोन फार कमी असलेल्या जीपची चाकं याच जागी उलट्या दिशेला पूर्ण वळतात आणि टायर आडवे फरफटत जातात. मोटारहोमच्या ड्रायव्हरला त्याचा पत्ताही लागत नाही. माझ्या गाडीला लांबी बदलता येणारे कंट्रोल आर्म (अॅक्सलला चेसिसशी धरणारे दांडे) बसवलेत ते याचसाठी.

जोडणीचा क्रम कधी बदलायचा नाही. आधी बार, सेफ्टी केबल आणि दिव्यांची वायर, मगच ट्रान्सफर केस न्यूट्रलला. तो न्यूट्रलला गेला की गिअर पार्कमध्ये असला तरी गाडी घरंगळते, कारण पार्क चाकांना धरतच नाही. इंजिन चालू ठेवून ड्राइव्ह आणि रिव्हर्स दोन्ही टाकून बघते. गाडी जागची हलली नाही, तरच गिअर पार्कला, इंजिन बंद आणि शेवटी हँडब्रेक खाली. स्टीअरिंग लॉक होणार नाही अशा जागी किल्ली.

ब्रेकचं यंत्र जीपच्या पेडलपाशी बसतं आणि दादाने ब्रेक दाबला की तेही दाबतं. ते बसवण्याआधी बंद इंजिनवर पेडल चार-पाच वेळा दाबून बूस्टरमधला (ब्रेकला जोर देणाऱ्या भागातला) व्हॅक्यूम काढून टाकायचा, नाहीतर यंत्राचा दाब चुकीचा बसतो. जोड तुटलाच तर जीपचे ब्रेक आपोआप लावणारी वेगळी केबलही असते. काही राज्यांत अमुक वजनाच्या वर हे सगळं कायद्यानेच लागतं, पण मी ते कायदा नसता तरी लावलं असतं. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर. त्यातून पश्चिमेला बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा उतार, आणि कडेला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीचे चढ. "ज्या गिअरात चढलो, त्याच गिअरात उतरायचं," दादा म्हणाला. कसारा घाटात बाबा हेच सांगायचे. उतारभर ब्रेकला पाय अधूनमधूनच गेला.

व्हेल पास झाला, ग्लेनवूड कॅन्यनमध्ये नदी खिडकीशी आली. ग्रँड जंक्शनला पेट्रोलसाठी असा पंप निवडला की आत शिरल्यावर सरळ बाहेर पडता येईल. जीप जोडलेली असताना मागे घ्यायचं नाही. पुढची चाकं वाकडी होतात आणि बार किंवा स्टीअरिंगचा टाय रॉड (पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवणारा दांडा) जातो. अडकलोच तर आधी जीप सोडवायची, मग वळायचं.

क्रेसेंट जंक्शनला आय-७० हा हायवे सोडला की यूएस-१९१ ने मोआब तीसेक मैल. तिथे टायरची हवा १८ पीएसआयवर आणून सँड फ्लॅट्समधल्या हेल्स रिव्हेंज या खडकाळ वाटेवर गेलो. तांबड्या वाळूच्या दगडाची ती उभी पाठ चढताना समोर काचेत नुसतं आकाश असतं आणि टायर दगडाला असे चिकटतात की विश्वास बसत नाही. लांबवर ला साल डोंगरांवर बर्फ होतं. इथे लिफ्टचा प्रत्येक इंच सार्थकी लागला.

खडकावरून आलेली गाडी तशीच जोडू नये. हवा परत ३५वर आणली, चाकांचे नट आवळले आणि खाली शिरले. पुढचा अॅक्सल बाजूला सरकू न देणारा ट्रॅक बार, त्याचा बोल्ट १२५ फूट-पौंडाला हवा. टॉर्क रेंच लावला तर क्लिक व्हायच्या आधी पाव फेरा फिरला. तो बोल्ट किंवा चाक ज्यावर वळतं तो बॉल जॉइंट सैल असेल तर हायवेच्या वेगाला पुढची चाकं थडथडायला लागतात, आणि ओढत असताना ते थांबवायला जीपमध्ये कोणी नसतं. दुसऱ्या टोकाचा बोल्टही तपासला, तो घट्ट होता. मग टाय रॉड, मग बारच्या पिना. वीस मैलांवर थांबून सगळ्यावरून पुन्हा हात फिरवला, हब गरम झालेत का तेही पाहिलं, आणि आय-७० ला लागलो.