केअर होमची तपासणी मी कशी करते

केअर होमच्या, म्हणजे वृद्ध आणि आजारी माणसं राहतात त्या निवासाच्या, तपासणीची सुरुवात मी ऑफिसातल्या फायलींपासून करत नाही. त्या आपल्यासाठी नीट लावून ठेवलेल्या असतातच. आधी रहिवासी दिवसा जिथे बसतात त्या हॉलच्या कोपऱ्यात बसते आणि तीन-चार जणांवर लक्ष ठेवून दर ५ मिनिटांनी टिपण करते: जागे आहेत का, कशात रमलेत का, कोणी बोललं का, आणि बोललं ते गप्पा मारायला की फक्त ‘चला, उठा’ म्हणायला. डिमेन्शियामुळे (स्मृतिभ्रंशामुळे) ज्यांना स्वतःचं काही सांगता येत नाही, त्यांच्याबाबत याहून भरवशाची पद्धत मला माहीत नाही. जेवणाची वेळ मात्र चुकवायची नाही. भरवणारी उभी आहे की शेजारी बसली आहे, आधीचा घास गिळायच्या आत दुसरा पुढे येतो का, ताटात किती उरलं, हे सगळं तिथेच कळतं.

मग चार रहिवासी निवडायचे, आणि तेही आपणच. व्यवस्थापकांनी सुचवलेले नकोत. एक नवा आलेला, एक अंथरुणाला खिळलेला, एक डिमेन्शियाचा, एक अलीकडे पडलेला. प्रत्येकाचा केअर प्लॅन (कोणती काळजी कशी घ्यायची याचा लेखी आराखडा) वाचायचा, खोलीत जाऊन त्या माणसाला भेटायचं आणि मग मदतनीसाला कागद न दाखवता विचारायचं, ‘यांचं काय काय बघावं लागतं?’ प्लॅनमध्ये ‘पाणी घट्ट करून द्यावं’ असं लिहिलेलं असतं आणि रात्रपाळीच्या मुलीला त्याचा पत्ताच नसतो. गिळायला त्रास असलेल्याच्या बाबतीत पातळ पाणी श्वासनलिकेत जाऊन याचा परिणाम न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो.

सर्वात जास्त वेळ मी अंथरुणाला खिळलेल्या रहिवाशाला देते. कूस बदलण्याच्या तक्त्यावर ८, १०, १२ अशा तंतोतंत वेळा, एकच पेन, एकच अक्षर दिसलं की तो पाळी संपताना एका बैठकीत भरला असावा, असा संशय घ्यावा. एकच मदतनीस बरोबर आठ वाजता सहा खोल्यांत कशी असेल? तक्त्यात ‘डावी कूस’ आहे, तर आत्ता त्या कुठल्या कुशीवर आहेत ते पाहावं. त्यांची परवानगी घेऊन, नर्सला सोबत ठेवून टाचा, माकडहाड आणि खुबे बघावेत. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावर क्षणभरही फिका पडत नसेल, तर बेडसोरची (सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची) पहिली पायरी सुरू झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतं का ते हाताने बघायचं. एअर मॅट्रेसच्या पंपावरचा वजनाचा आकडाही वाचावा. रहिवासी ४५ किलोच्या आणि पंप ९० वर, हा प्रकार नेहमीचा. गादी दगडासारखी होते आणि जो दाब टाळायचा तोच वाढतो.

वजनाची नोंद बहुतेक ठिकाणी असते, ती वाचणारं कोणी नसतं. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट, म्हणजे ६० किलोचा माणूस महिन्याभरात ५७ वर, ही धोक्याची खूण. त्यानंतर डॉक्टरांना कळवलं का, आहार बदलला का, हे विचारायचं.

औषधांत, दिल्याच्या सह्यांपेक्षा उरलेल्या गोळ्या मोजाव्यात. २८ आल्या, रोज एक, दहा दिवस झाले. उरायला हव्यात १८. दहाही दिवसांच्या सह्या आहेत आणि हातात २१ आल्या, तर तीन सह्या खोट्या. ‘गरज पडल्यास’ लिहून दिलेलं झोपेचं औषध कोणत्या पाळीत जास्त दिलं जातं तेही बघावं. जिथे माणसं कमी तिथेच ते वाढत असेल, तर गरज रहिवाशाची नाही.

पडण्याचे आकडे फसवे. ४० रहिवासी, ३० दिवस, म्हणजे १२०० रहिवासी-दिवस; त्यात ६ वेळा पडणं, म्हणजे दर हजार रहिवासी-दिवसांमागे ५. पण थकलेल्या, डगमगणाऱ्या माणसांच्या घरात महिनोन्‌महिने शून्य दिसलं, तर मला आनंद नव्हे, शंका येते. नोंद करणाऱ्याला ओरडा बसत असावा. पडल्याची वेळ बघावी, पाळी बदलतानाचा घोळ तिथे उघडा पडतो.

रात्री न कळवता एक फेरी हवीच. बेल हाताशी आहे की दोरी वर गुंडाळून ठेवली आहे ते पाहते, बेल दाबते आणि घड्याळ लावते.

अहवालात ‘स्वच्छता असमाधानकारक’ असं लिहून काही होत नाही. खोली, वेळ, काय दिसलं, कोणत्या नोंदीशी जुळलं नाही, एवढं लिहावं. उघडी जखम, चुकीचं औषध, मारहाणीचा संशय यांसाठी अहवालाची वाट बघायची नसते. निघण्यापूर्वी जबाबदार व्यक्तीला तोंडी सांगून तिची सही घ्यावी, आणि मारहाणीचा संशय त्याच दिवशी संबंधित यंत्रणेलाही कळवावा.