पहिल्या बराकीतली थंडी

उशुआया, १४ जानेवारी

रात्रीचे दहा वाजत आलेत तरी बाहेर उजेड आहे. झोप येत नाहीये, तर लिहूनच काढते.

आज अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या या गावातला जुना तुरुंग पाहिला. आता तिथे संग्रहालय आहे. मधल्या गोल दालनातून पाच बराकी हाताच्या बोटांसारख्या पसरल्यात. त्यातल्या बऱ्याच भागाची डागडुजी झालीय. कुठे जहाजांच्या प्रतिकृती, कुठे अंटार्क्टिकाच्या मोहिमांची माहिती, कुठे चित्रं. आत छान ऊब असते आणि दिव्यांची सोयही उत्तम आहे. पहिली बराक मात्र होती तशीच सोडलीय. रंग नाही, हीटर नाही, मांडामांड नाही. मला विचाराल तर हे सगळं संग्रहालय त्या एका बराकीसाठी पाहावं.

ऐन उन्हाळ्यातला दिवस, बाहेर चांगलं ऊन पडलेलं, आणि आत पाऊल टाकताच जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढावी लागली. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना दोन मजल्यांवर कोठड्या. भिंतींचे पापुद्रे सुटलेत, हात लावला की चुरा बोटांना लागतो. एका कोठडीत जाऊन उभी राहिले. खिडकी डोक्याच्या वर, तिच्यातून आभाळाचा तुकडा दिसतो, बाकी काही नाही. हात पसरले तर दोन्ही भिंती जवळजवळ लागतातच. दगडाची थंडी बुटाच्या तळव्यातून वर चढते, हे मी पहिल्यांदाच अनुभवलं. लेक म्हणाली, "आई, चल ना बाहेर, गारठले मी." मी अजून थोडा वेळ थांबले. जानेवारीत हे, तर जुलैत इथे माणसं रात्र कशी काढत असतील?

आणि या भिंती कैद्यांनीच रचल्या. १९०२ साली काम सुरू झालं, ते १९२० पर्यंत चाललं. एकेका माणसासाठी एक अशा ३८० कोठड्या, पण भर असताना कैदी सहाशेच्या वर. अर्जेंटिनाच्या सरकारला या टोकावर वस्ती हवी होती. शेजारी चिली, सीमेवरून कुरबुरी, आणि आपखुशीने इतक्या दक्षिणेला येऊन राहणार कोण? मग पुन्हा पुन्हा गुन्हे करणारे, खुनी, राजकीय कैदी, सगळ्यांना बोटीत घालून इकडे पाठवलं. त्यांनी जंगल तोडलं, रस्ते केले, इमारती उभारल्या. गावाची पुष्कळ कामं तुरुंगाच्याच कारखान्यांत होत. म्हणजे आधी तुरुंग आणि त्याच्या आधाराने वाढलेलं शहर. आज बंदरावर अंटार्क्टिकाला जाणारी पांढरीशुभ्र जहाजं लागतात, मुख्य रस्त्यावर जॅकेटांची आणि चॉकलेटची दुकानं आहेत. या सगळ्याचा पाया त्या लोकांनी घातलाय, हे गावात फिरताना दर चौकात आठवत होतं.

सिमोन राडोविट्स्की या इथल्या कैद्याबद्दल वाचून मात्र अंगावर काटा आला. १९०९ च्या मे दिनाला ब्यूनोस आयर्समध्ये पोलिसांनी कामगारांवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी या कोवळ्या पोराने पोलीसप्रमुख रामोन फाल्कोनच्या बग्गीवर बॉम्ब टाकला. वय कमी म्हणून फाशी टळली, आणि १९११ साली त्याला इथे आणलं. १९१८ मध्ये तो निसटला, बोटीने चिलीच्या हद्दीत पोचलाही, पण पकडून परत आणला गेला. सुटका झाली ती १९३० साली.

१९११ हा आकडा वाचल्यावर मला अंदमान आठवल्याशिवाय राहिलं नाही. त्याच वर्षीच्या जुलैत सावरकरांना सेल्युलर जेलमध्ये नेलं. तिथेही मधला मनोरा आणि त्याच्याभोवती सात बराकी, तिथेही बांधकामाला कैद्यांचेच हात, तिथेही एकेकट्याची कोठडी. एक जागा विषुववृत्ताजवळच्या घामाच्या धारांत, दुसरी बर्फात. माणसाला आपल्या माणसांपासून इतकं लांब नेऊन टाकायचं की पळून जायला जागाच उरू नये, हा हिशेब मात्र दोन्हीकडे तोच. काळं पाणी आपण एकाच समुद्राला म्हणतो, पण इथल्या बीगल चॅनेल या सामुद्रधुनीचं पाणीही त्याच जातीचं आहे.

एक गोष्ट खटकली. गोदिनो नावाचा, लहान मुलांचे खून करणारा एक कैदी इथे होता, १९४४ साली इथेच मेला. गर्दी सगळी त्याच्या पुतळ्याशी, आणि त्याच्या शेजारी उभं राहून हसत फोटो. ज्यांची पोरं गेली त्यांचा विचार कुणाच्याच मनात येत नसेल? कैद्यांच्या कपड्यांसारखी पिवळी-निळी पट्ट्यांची नवी टोपी घालून मिरवणंही मला जमलं नाही. लेकीनेही घेतली नाही, बरं वाटलं.

१९४७ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पेरोन यांच्या सरकारने हा तुरुंग बंद केला. पुढे इमारत नौदलाकडे गेली आणि १९९७ मध्ये राष्ट्रीय स्मारक ठरली. पहिल्या बराकीला हात लावायचा नाही असं ज्यांनी ठरवलं, त्यांचे मला मनापासून आभार मानावेसे वाटतात. जुनी वास्तू हातात आली की तिला गुळगुळीत करून टाकायचा मोह आपल्याकडेही होतो, गडांवरसुद्धा. इथे तो टाळला, म्हणून ती थंडी तरी आमच्यापर्यंत पोचली.

उद्या सकाळी त्या छोट्या आगगाडीने जायचं ठरलंय. कैद्यांना लाकूडतोडीला नेणारी ही गाडी १९९४ पासून प्रवाशांसाठी चालते. वाटेत त्यांनी तोडलेल्या झाडांचे बुंधे अजून उभे आहेत. हिवाळ्यात बर्फ साचल्यावर तोडलेल्यांचे उंच, उन्हाळ्यात तोडलेल्यांचे आखूड. लेकीला सांगितलंय, खिडकीची जागा मला हवी.