हातकताईसाठी मौल्यवान तंतू निवडताना

पश्मिन्याची किंवा रेशमाची मूठ हाती आली की बहुतेक जण ती गालाला लावून पाहतात आणि मऊपणावरच निर्णय करून टाकतात. मऊपणा महत्त्वाचा आहेच. परंतु तंतूची लांबी, त्यात उरलेल्या राठ केसांचे प्रमाण आणि आपल्याकडे असलेले कताईचे साधन यांचा विचार त्याआधी व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे. तंतू चार सेंटीमीटरचा आहे की दहा सेंटीमीटरचा, यावर पीळ किती द्यायचा, सूत किती बारीक काढायचे आणि ते टिकेल किती, हे सारे ठरत असते.

तंतूचा बारीकपणा मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. मेरिनो मेंढीची लोकर साधारणपणे १८ ते २२ मायक्रॉनची असते, तर लडाखमधील चांगथांगी शेळीची पश्म, म्हणजे पश्मिन्याची मूळ लव, १२ ते १५ मायक्रॉनची. तंतू ३० मायक्रॉनच्या पुढे गेला की त्वचेला टोचू लागतो. आपल्या दख्खनी मेंढीची जाड लोकर घोंगडीला उत्तम असूनही गळपट्ट्याला चालत नाही, ती याच कारणामुळे.

पश्मिन्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. चांगथांगच्या पठारावर, ४,००० मीटरहून अधिक उंचीवर, कडाक्याच्या थंडीत शेळीच्या राठ केसांखाली ही लव वाढते आणि वसंत ऋतूत ती सुटू लागली की फणीने विंचरून काढली जाते. या कच्च्या मालात राठ केस, धूळ आणि कोंडा इतका असतो की साफ केल्यावर त्याचे वजन निम्म्याहूनही कमी भरते. त्यामुळे भाव विचारताना माल कच्चा आहे की राठ केस काढलेला, हे आधी विचारावे. थोडी पश्म गडद कापडावर पसरली की जाड, सरळ केस लगेच वेगळे दिसतात. ते सुतात राहिले तर कितीही धुतले तरी शाल बोचतेच. काश्मीरमधील स्त्रिया कातण्यापूर्वी पश्म तांदळाच्या पिठात मुरवून ठेवतात, त्यामुळे ती स्वच्छ होते आणि हाताला नीट लागते. यंत्रावर हा नाजूक तंतू टिकावा म्हणून पुष्कळदा त्यात नायलॉन मिसळतात आणि नंतर ते आम्लाने विरघळवून काढतात, त्यात मूळ तंतूही दुबळा होतो. ‘काश्मीर पश्मिना’ या नावाला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात सूत हाताने कातलेले असण्याची अट आहे, याचे मला फार समाधान वाटते.

अशा आखूड, बारीक तंतूला भरपूर पीळ लागतो. हवेत लोंबकळणाऱ्या जड टकळीवर तो तुटत राहतो. वाटीत टेकवून फिरवायची हलकी टकळी किंवा पेटी चरखा त्याला मानवतो. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या देखरेखीखाली विकसित झालेला पेटी चरखा मुळात कापसासाठी असला, तरी त्याची वेगवान चाती, म्हणजे सूत कातणारी फिरती सळई, पश्मिन्यालाही तितकीच उपयोगी पडते. ज्यांचा हात पेळूवर, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या गुंडाळीवर, बसलेला आहे, त्यांनी म्हणूनच पश्मिन्याला बिचकू नये.

रेशमांमध्ये माझी पहिली पसंती आसामच्या एरीला आहे. एरंडाच्या पानांवर वाढणाऱ्या या किड्याचा कोष एका टोकाला उघडा असतो आणि त्याचा तंतू सलग नसतो. तो उलगडून काढता येत नाही, कातावाच लागतो. एरीचे सूत तुतीच्या रेशमाइतके चमकत नाही, पण ते उबदार असते आणि वापराने अधिक मऊ होत जाते. विदर्भात, गडचिरोली आणि भंडारा भागांत, ऐन व अर्जुनाच्या झाडांवर होणारा टसर मधाच्या रंगाचा आणि थोडा कडक असतो. रुमालाऐवजी उपरण्यासाठी तो निवडावा. कोणत्याही रेशमाला लोकरीसारखी लवचीकता नसते, त्यामुळे निव्वळ रेशमाचे मोजे किंवा घट्ट विणीचे कपडे पुढे सैल पडतात.

अंगोरा सशाचे केस अतिशय गरम आणि निसरडे असतात. मेरिनोमध्ये दहा ते वीस टक्के मिसळले तरी पुरतात, मात्र ते कातरून घेतले आहेत की उपटून, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. याकची आतली लव आखूड आणि बहुधा गडद तपकिरी असते, तीही मिश्रणातच जास्त शोभते. शहातूशचा मात्र विचारसुद्धा करू नये. ही लव मिळवण्यासाठी चिरू हे हरणासारखे तिबेटी प्राणी ठार मारले जातात आणि तिच्या व्यापारावर कायद्याने बंदी आहे.

अलीकडे ‘बांबू सिल्क’, ‘गुलाब तंतू’ अशा नावांनी चकचकीत माल मिळतो. तो बहुतेक वेळा व्हिस्कोस, म्हणजे वनस्पतींच्या लगद्यापासून कारखान्यात बनवलेला तंतू, असतो. कातायला तो वाईट नाही, पण रेशमाच्या भावाने घेऊ नये. शंका आल्यास दोन-चार तंतू जाळून पाहावेत: रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि चुरगळणारी काळी राख उरते, तर व्हिस्कोस कागदासारखे भुरकन जळते. विक्रेता नमुना द्यायला तयार नसेल तर मी तिथून माल घेत नाही. तयार असेल तर आधी पन्नास ग्रॅम मागवते, त्याचे दुपदरी सूत काढते, चौकोनी तुकडा विणून धुते आणि त्यानंतरच पूर्ण शालीपुरता माल एकाच खेपेतला घेते.