काळ्या पाण्यातला सूर

ब्राझीलमधल्या मानाउस शहरातून रिओ नेग्रो नदीवरचा पूल ओलांडला की नोव्हो ऐराओ हे गाव साधारण तीन तासांवर. समोर आनाविल्यानास, नदीच्या पात्रात पसरलेली शेकडो बेटं. बहुतेक पर्यटक इथे गुलाबी डॉल्फिन बघायला येतात. मी आले होते ब्लॅक घोस्ट नाइफफिश या वीज सोडणाऱ्या माशासाठी. मुंबईत शोभेच्या माशांच्या दुकानांत तो नेहमी दिसतो. त्याचं घर बघायचं होतं.

कुजलेल्या पाल्याचा अर्क उतरून नदीचं पाणी तांबूस-काळं झालंय. रात्री तर काठाची मुळंही दिसेनात. एका इगारापेत, म्हणजे जंगलातल्या अरुंद ओढ्यात, नावाड्याने मोटर बंद केली. वाटाड्याने काठीला बांधलेल्या दोन उघड्या तारा पाण्यात सोडल्या आणि माशांची वीज ऐकू यावी म्हणून त्यांना जोडलेला छोटा स्पीकर चालू केला.

आधी नुसती खरखर. मग टक्... टक्-टक्. “सारापो,” वाटाड्या म्हणाला. हाही नाइफफिशच, पण वीज तुटक सोडणारा. काठी मुळांच्या जाळ्याजवळ नेली आणि एकदम एक बारीक, उंच सूर लागला. तंबोऱ्याच्या षड्जासारखा अढळ. “इतुई-कावालो!” इथे ब्लॅक घोस्टला हेच म्हणतात.

हा मासा सेकंदाला साधारण हजार वेळा वीज सोडतो, दिवसरात्र, अखंड. वीज इतकी क्षीण की हाताला जाणवतही नाही. आजूबाजूला अळी, मूळ किंवा दुसरा मासा आला की भोवतालचं विद्युत क्षेत्र किंचित बदलतं आणि ते त्याच्या कातडीला कळतं. डोळे अगदी बारीक. अंधारात भिस्त सगळी विजेवर. बहुतेक नाइफफिशचा विजेचा अवयव स्नायूंपासून बनतो, याचा मात्र मज्जारज्जूतून निघालेल्या चेतातंतूंपासून.

तेवढ्यात दुसरा सूर आला, पहिल्याच्या अगदी जवळचा. दोन्ही मिळून स्पीकर थरथरू लागला. काही क्षणांत वरचा सूर किंचित आणखी चढला आणि थरथर जलद झाली. एकमेकांच्या विजेत गोंधळ होऊ नये म्हणून हे मासे असं करतात, हे मी वाचलं होतं. कानांनी ऐकताना अंगावर काटा आला.

टॉर्चच्या उजेडात एक जण दिसला. मखमली काळा, शेपटीवर दोन पांढरी कडी. अंग ताठ, फक्त पोटाखालचा लांबलचक पर लहरत होता. ती लहर उलटी फिरली आणि मासा न वळता, शेपटी पुढे करून मुळांत शिरला.

हे पाहिल्यावर ट्यूबलाइटखाली, प्लॅस्टिकच्या नळीत दिवसभर बसलेला ब्लॅक घोस्ट विकत घ्यावा असं मला वाटत नाही.

जायचं तर सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जा. तेव्हा नदी ओसरलेली असते. पुराच्या दिवसांत हे मासे बुडालेल्या जंगलात पांगतात, मग शोधणं कठीण.