बघणाऱ्याची सही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. कोर्टाच्या आवारात, सोसायटीच्या ग्रुपवर, कॉलेजात बोलायला गेले की भाषण संपल्यावर, प्रश्न तोच येतो: "मॅडम, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? मग सरकारनं बघितलं तर बिघडलं कुठं?" नाशिकचा 2027चा सिंहस्थ कुंभमेळा जवळ येतोय, कॅमेऱ्यांच्या बातम्या रोज वाचायला मिळतात, त्यामुळे हल्ली त्याला जोडून दुसरा येतो: "म्हणजे कॅमेऱ्यांनाही तुमचा विरोध का?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. विरोध नाही. 27 ऑगस्ट 2003 ला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविक गेले, शंभरावर जखमी झाले. ज्यांनी तिथला सरदार चौक पाहिलाय त्यांना ती जागा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पुढची माणसं थांबलीत हे मागच्याला कळत नाही, मागचा ढकलत राहतो, आणि मधल्यांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. गर्दी कुठं तुंबते आहे हे वेळेत कुणाला तरी दिसायलाच हवं. त्यासाठी कॅमेरा लावा, ड्रोन उडवा, मी स्वतः सहीचं निवेदन देईन.

पण 2015च्या सिंहस्थात याच शहरात काय झालं, तेही आठवा. नाशिकचेच रमेश रासकर अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक आहेत. त्यांच्या पुढाकारातून इथं 'कुंभथॉन' नावाचा उपक्रम चालला होता. त्यातून इथल्या पोरांनी, त्यात शाळकरी मुलंही होती, रस्त्यावर अंथरायची एक मॅट तयार केली. 'आशियोतो' तिचं नाव. मॅटवर पाय पडला की दाब नोंदला जातो, दर मिनिटाला किती माणसं पुढं गेली याचा आकडा बंदोबस्तावरच्या लोकांना मिळतो, आकडा वाढला की गर्दी दुसऱ्या रस्त्यानं वळवता येते. पाय महंतांचा आहे की बांगड्यावालीचा, हे त्या मॅटला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. मला या गोष्टीचा नाशिककर म्हणून फार अभिमान आहे. माणसांचे जीव वाचवायला माणसं मोजावी लागतात. त्यांची नावं लागत नाहीत, हे आपल्या मुलांनी करून दाखवलं.

आणि नुसते डोळे वाढवले की जीव वाचतात, असंही नाही. प्रयागराजच्या महाकुंभात अडीच हजारांहून जास्त कॅमेरे होते, त्यातले कितीतरी एआयवाले. तरी 29 जानेवारी 2025 च्या पहाटे चेंगराचेंगरी झालीच. सरकारनं तेव्हा सांगितलेला आकडा 30 मृतांचा होता.

मग चेहरा ओळखणारा कॅमेरा कशाला लागतो? उत्तर येतं, हरवलेली मुलं शोधायला, गुन्हेगार पकडायला. हेतू चांगलाच आहे. दिल्ली पोलिसांनी असंच सॉफ्टवेअर घेतलं होतं, हरवलेल्या मुलांसाठी. 2018 मध्ये उच्च न्यायालयात सांगावं लागलं की ते 2 टक्केच अचूक ठरतंय. पुढच्या वर्षी केंद्राच्या महिला व बालविकास खात्यानं न्यायालयाला सांगितलं की अचूकता 1 टक्क्यापेक्षाही कमी आहे आणि मुलगा कोण, मुलगी कोण हेही त्याला धड कळत नाही. आता यंत्रं सुधारली असतील, सुधारतीलही. पण यंत्र चेहरा जुळवणार कशाशी? पोलिसांच्या जुन्या यादीशी. आणि आपल्या राज्यात त्या यादीत कुणाचे फोटो आधीपासून आहेत, हे कोर्टात उभं राहणाऱ्या कुठल्याही वकिलाला विचारा. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, अख्ख्या जातीच्या जाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, बायाबापड्यांना ठाण्यात हजेरी लावायला लावली. 31 ऑगस्ट 1952 ला त्या विमुक्त झाल्या. तरी गावात चोरी झाली की पहिला दरवाजा त्या जमातींतल्या पारध्याचाच वाजतो. सिंहस्थात घाटावर माळा-मणी विकायला हीच माणसं येणार. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये बसून "आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे" म्हणणाऱ्याचा चेहरा चुकून जुळला तर पोलीस माफी मागून सोडतील. माळा विकणाऱ्या बाईचा जुळला तर तिचा सिंहस्थ तिथंच संपला.

म्हणून मी पहिला प्रश्नच उलटा करते. ज्याच्याकडे बघितलं जातंय त्याच्याकडे लपवण्यासारखं काय आहे, हे विचारायच्या आधी बघणाऱ्याला विचारू या: कुठल्या कायद्यानं, कुणाच्या सहीनं, किती दिवसांसाठी? आणि बघून झालेलं पुसायचं कधी? हे मी माझ्या मनचं बोलत नाही. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. न्यायमूर्ती पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, त्यांच्या याचिकेवरचा हा निकाल. या हक्कात सरकारला हात घालता येतो, पण त्यासाठी कायदा हवा, योग्य कारण हवं आणि कारणाच्या मानानं उपाय बेताचा हवा. मॅटनं भागत असेल तर चेहरा कशाला, हा प्रश्न या तिसऱ्या अटीतूनच निघतो.

आता फोनकडे येते, कारण खरी मेख तिथं आहे. फोन टॅप करण्याची तरतूद इंग्रजांच्या 1885 च्या तार कायद्यातली. सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर, तिला कुंपण घातलं: आदेश गृहसचिवांचा हवा, एका वेळी दोन महिन्यांचा, वाढवला तरी सहा महिन्यांच्या पुढं नाही, आणि प्रत्येक आदेश एका समितीनं तपासायचा. ऐकायला चोख आहे. पण समितीवर बसतात सरकारचेच सचिव. त्यात न्यायाधीश नाही. आणि डेटा संरक्षणावरच्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनं 2018 च्या अहवालात लिहून ठेवलंय की ही तपासणी समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि तिच्यापुढं एका बैठकीत 15 ते 18 हजार आदेश येतात. एका आदेशाला एक मिनिट दिलं तरी अडीचशे ते तीनशे तास लागतील. ही तपासणी नव्हे. 2023 चा नवा दूरसंचार कायदा आला, 2024 च्या डिसेंबरात त्याचे नियम आले, पण सचिवांनीच सचिवांना तपासायची पद्धत तीच राहिली. तुमचा फोन ऐकला गेला का, हे नंतरही तुम्हाला कळवायची सोय कुठंच नाही. ज्याला कळलंच नाही तो दाद मागणार कुठं?

कुणाला कळलं तर काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच उच्च न्यायालयातलं आहे. मुंबईच्या एका व्यावसायिकावर लाच दिल्याचा आरोप होता, सीबीआयनं त्याचा फोन ऐकला होता. खटल्याच्या कागदांतून ते त्याला समजलं. 22 ऑक्टोबर 2019 ला मुंबई उच्च न्यायालयानं टॅपिंगचे तिन्ही आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं, कारण टॅपिंगसाठी कायद्यात जी अट आहे, तशी लाचेच्या प्रकरणात 'सार्वजनिक सुरक्षितता' धोक्यात होती असं म्हणता येत नव्हतं. या निकालावर लोक माझ्याशी भांडतात. "लाच देणाऱ्याला वाचवायचं का?" वाचवायचं नाही, पुरावा कायद्यानं गोळा करून शिक्षा करायची. आरोपीपुरता कायदा सैल केला तर तो सैलच राहतो, आणि उद्या कुणाला आरोपी म्हणायचं हेही तोच सैल हात ठरवतो.

इथं बहुतेक वेळा चर्चेला पक्षाचं वळण लागतं आणि गाडी रुळावरून उतरते. ज्याचं सरकार, त्याच्या समर्थकाला पाळत देशहिताची वाटते. सरकार बदललं की दोन्ही बाजूंची वाक्यं अदलाबदल होतात. जुनं काही आठवून बघा. 1988 मध्ये कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांना फोन टॅपिंगच्या आरोपावरून मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, ते जनता पक्षाचे. 1991 च्या मार्चमध्ये हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई राजीव गांधींच्या घराबाहेर पाळत ठेवताना सापडले म्हणून काँग्रेसनं गदारोळ केला आणि चंद्रशेखरांचं सरकार गेलं. त्याच राजीव गांधींच्या सरकारनं 1986 मध्ये लोकांची टपालं अडवायला, फोडायला मोकळीक देणारं विधेयक संसदेत मंजूर करून घेतलं होतं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये ज्यांनी आयुष्यभर टपालाची तिकिटं छापली, त्यांच्यातल्या कुणी तेव्हा मनातून त्यांचे आभार मानले असतील तर मला नवल वाटणार नाही. 2023 मध्ये नवा टपाल कायदा झाला, त्याच्या नवव्या कलमात टपाल अडवण्याचा, उघडण्याचा अधिकार आहे. या वेळी आपल्यापैकी किती जणांना त्याचा पत्ता लागला?

तेव्हा कुठलाही झेंडा बाजूला ठेवा आणि काळाराम मंदिराकडे बघा. 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथं सत्याग्रह सुरू झाला. नाशिक भागात तो दादासाहेब गायकवाडांनी वर्षानुवर्षं धरून ठेवला. त्यात चोरून काहीच नव्हतं. दिवसाउजेडी, जाहीर करून, दारात बसून माणसं देवाचं दर्शन मागत होती. तरी मुंबई इलाख्याचे पोलीस या चळवळीचे गुप्त अहवाल लिहीत होते: कोण बोललं, काय बोललं, किती जमले. स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्य सरकारनंच ती कागदपत्रं छापून काढली, वाचायला मिळतात. वाचताना अंगावर काटा येतो. या माणसांकडे लपवण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. त्यांच्याकडे मागण्यासारखं होतं, आणि पाळतीला तेवढं पुरतं.

आज जमिनीच्या मोबदल्यासाठी बसणारा शेतकरी, कांद्याच्या भावासाठी लासलगावात लिलाव बंद पाडणारे, पगार थकलेले कामगार, सगळे मागणारेच आहेत. मोर्च्यात चेहरा टिपला जाईल, फोन कुणी ऐकत असेल, एवढी नुसती शंका आली तरी माणूस घरी बसतो. त्याला कुणी अडवलेलं नसतं, त्यामुळे तक्रारही कुठं नोंदली जात नाही. मला जी भीती वाटते ती याची वाटते.

आणि भांडून काही होत नाही, असं कृपा करून म्हणू नका. 28 नोव्हेंबर 2025 ला दूरसंचार खात्यानं मोबाइल कंपन्यांना सांगितलं की प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' ॲप आधीच घालून द्या. ॲप कामाचं आहे. हरवलेला फोन ब्लॉक होतो, आपल्या नावावर किती सिम आहेत ते कळतं, मी लोकांना वापरायला सांगते. पण स्वतःहून घेणं वेगळं आणि सरकारनं खिशात घालून ठेवणं वेगळं. लोक बोलले, तंत्रज्ञ बोलले, विरोधक बोलले. 3 डिसेंबरला सक्ती मागं घेतली गेली. आठवडाही लागला नाही. त्या दिवसांत आमच्या ग्रुपवर निम्मे मेसेज "तुमच्या काळात काय झालं होतं" याचे होते. पण उरलेल्या निम्म्यांत लोक आदेशाचा मजकूर शोधून वाचत होते, हे काढता येईल का, परवानग्या कुठल्या मागतं, हे विचारत होते. सरकारला उत्तर द्यावं लागतं ते या दुसऱ्या प्रश्नांना.

तर "मग आम्ही करायचं काय" याचं उत्तर. माहिती अधिकाराचा अर्ज करा. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार द्यायची वाट रुंद केली आहे, आणि त्याच कायद्याच्या सतराव्या कलमात सरकारी यंत्रणांना सूट द्यायचा अधिकार केंद्राला आहे. तरीही कॅमेऱ्याचा करार, आदेश आणि नियम ही कुणाची वैयक्तिक माहिती होत नाही. कुंभमेळा प्राधिकरणाला आणि पोलीस आयुक्तालयाला विचारा: सिंहस्थासाठीच्या कॅमेऱ्यांपैकी चेहरा जुळवणारे किती, कुठल्या कायद्याखाली, जुळवायची यादी कुठली, चित्रण किती दिवस ठेवणार, मेळा संपल्यावर ते पुसलं हे कोण लिहून देणार? यातलं शेवटचं आवर्जून घाला. अर्ज मराठीत चालतो, फी 10 रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं. उत्तराची मुदत 30 दिवस आहे, नाही आलं तर पहिलं अपील करायचं. मजकूर माझ्याकडे तयार आहे, हवा असेल त्यांनी मागा, पाठवते.