योहान सांतानाला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायला हवं होतं

बेसबॉलमधला सर्वोच्च मान असलेल्या हॉल ऑफ फेमच्या २०१८ च्या मतदानात ४२२ पैकी फक्त १० बेसबॉल पत्रकारांनी पिचर (चेंडू टाकणारा) योहान सांतानाला मत दिलं. म्हणजे २.४ टक्के. निवडून यायला ७५ टक्के लागतात, आणि पाच टक्क्यांच्या खाली गेलेलं नाव पुढच्या वर्षी मतपत्रिकेवर येतच नाही. इतरांच्या बाबतीत दहा वर्षं चालू शकणारा वाद याच्या बाबतीत पहिल्याच वर्षी मिटवून टाकला गेला.

आक्षेप काय, तर कारकीर्द तोकडी. १३९ विजय, ७८ पराभव, २०२५ इनिंग्ज (एका इनिंगमध्ये तीन आउट) आणि वर दोन आउट, १९८८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर). आकडे खरेच आहेत. पण मग हॉल ऑफ फेममधल्याच पिचर सँडी कोफॅक्सचे आकडे शेजारी ठेवा: १६५ विजय, २३२४ इनिंग्ज. म्हणजे जेमतेम ३०० इनिंग्जचा फरक. डिझी डीन हा पिचर तर १९६७ इनिंग्जवर आत गेला. तेव्हा तोकडी कारकीर्द हे एकटं कारण पुरत नाही.

नुसता ईआरए (नऊ इनिंग्जमागे पिचरच्या नावे लागलेल्या रन; कमी तितका चांगला) पाहिला तर कोफॅक्सचा २.७६ आणि सांतानाचा ३.२०. इथे बरेच जण फसतात. कोफॅक्सच्या उत्तम वर्षांत माउंड, म्हणजे पिचर ज्यावरून टाकतो तो उंचवटा, १५ इंच उंच, पिचरच्या फायद्याचा होता (१९६९ मध्ये तो १० इंचांवर आणला) आणि त्याचं घरचं मैदान, डॉजर स्टेडियम, म्हणजे पिचर्सचं नंदनवन. तिथे त्याचा ईआरए १.३७ होता. सांताना मात्र अमेरिकन लीगमध्ये, पिचरऐवजी बॅटिंग करणारा डेझिग्नेटेड हिटर असताना, एका सामन्यात एक संघ सरासरी पाचेक रन काढत होता त्या काळात टाकत होता. लीगची सरासरी आणि मैदान हिशेबात धरणाऱ्या ईआरए-प्लसवर, जिथे १०० म्हणजे सरासरी आणि जास्त तितकं चांगलं, कोफॅक्स १३१ आणि सांताना १३६.

२००४ आणि २००६ चे साय यंग (लीगमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) सांतानाला एकमताने मिळाले. २००४ मध्ये मोसमाच्या मध्यातल्या ऑल-स्टार सामन्यानंतर तो १३-० (१३ विजय, एकही पराभव नाही) होता, ईआरए १.२१. फास्टबॉलच्याच हाताने सुटणारा त्याचा चेंजअप ताशी दहा-बारा मैल हळू यायचा, आणि बॅट आधीच फिरून गेलेली असायची. खरा अन्याय २००५ चा. बार्टोलो कोलोनने २१ विजयांवर साय यंग नेला, ईआरए ३.४८. सांतानाचे विजय १६, पण ईआरए २.८७ आणि इनिंग्जही जास्त. विजय मोजायची ती सवय नसती तर लागोपाठ तीन साय यंग झाले असते, आणि तीनवाल्याला दहा मतांवर कोणी घरी पाठवलं नसतं.

त्याची लंगडी बाजू पोस्टसीझनची, म्हणजे नियमित मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांची: १-३, ईआरए ३.९७. कोफॅक्सचा वर्ल्ड सिरीजमधला (अंतिम मालिकेतला) ईआरए ०.९५ आहे, आणि तिथे तुलना संपते. शिवाय सांतानाच्या २०१० च्या खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर फारसं काही उरलं नाही. १ जून २०१२ ला १३४ पिचेस टाकून त्याने त्याच्या तेव्हाच्या संघाच्या, न्यूयॉर्क मेट्सच्या इतिहासातला पहिला नो-हिटर (प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देता पूर्ण केलेला सामना) केला (समोरच्या संघाच्या बेल्ट्रानने मारलेला चेंडू रेषेवर पडला होता, म्हणजे हिट होता, पण पंचाने फाउल दिला, तो भाग वेगळा). त्या रात्री ईआरए २.३८ होता, मोसम संपला तेव्हा ४.८५.

तरीही दहाच मतं का? एका पत्रकाराला जास्तीत जास्त दहा नावं लिहिता येतात. २०१८ च्या यादीतून चिपर जोन्स, गेरेरो, टोमी आणि हॉफमन त्याच वर्षी निवडले गेले. मार्टिनेझ, म्युसिना, वॉकर, रोलेन आणि वॅग्नर पुढच्या वर्षांत निवडले गेले. उत्तेजकांच्या आरोपांमुळे निवडून न येणारे बॉन्ड्स आणि क्लेमेन्स जागा अडवून बसलेलेच. दहा ओळी भरल्यावर अकरावा कोण, हा प्रश्नच उरत नाही. त्याला दोन-तीन वर्षं मतपत्रिकेवर राहू दिलं असतं, तर गर्दी कमी झाल्यावर निदान वाद तरी झाला असता.

आता उरला समितीचा रस्ता, पत्रकारांच्या मतपत्रिकेवरून उतरलेल्यांसाठीचा. तिथे १६ सदस्य, मतपत्रिकेवर आठ नावं, प्रत्येकाला जास्तीत जास्त तीन मतं, आणि निवडीसाठी १२ हवीत. एकूण मतं ४८, म्हणजे सगळं जुळून आलं तरी चारच जण आत जाऊ शकतात.