त्या खिडकीवरच्या एका वाक्यानं आमचे तीन आठवडे गेले

सहा महिने झाले, पण ती केसपेपरची खिडकी आठवली की अजून डोकं तापतं. म्हणून लिहितोय.

आमचे आण्णा, वय ६६. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डिंगला आयुष्य काढलं. रिटायर झाल्यावर रोज संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर समोर धार काढलेलं म्हशीचं दूध प्यायचं आणि मग रंकाळ्याला चक्कर, हा नेम. दिवाळीनंतर तो बंद झाला. पहाटे तीनलाच उठून बसायचे, ताटातलं निम्मं तसंच, आणि सारखं एकच, "माझा आता काय उपयोग." आईनं दृष्ट काढली, मी पित्ताच्या गोळ्या आणल्या. शेवटी फॅमिली डॉक्टर म्हणाले डिप्रेशन वाटतंय, मानसोपचारवाल्यांना दाखवा. आण्णा कसेबसे तयार झाले.

दवाखान्याचं नाव घेत नाही. साडेनऊला रांगेत लागलो, पुढं तीस-चाळीस माणसं. नंबर आला तसं खिडकीतल्या बाईंनी विचारलं कुठला विभाग, मी वाकून हळू सांगितलं, मानसोपचार. "मोठ्यानं बोला की ओ, ऐकू येत न्हाई." परत सांगितलं, तर त्यांनी मान वळवून आतल्या माणसाला ओरडून विचारलं, "वेड्यांचे डॉक्टर आल्यात काय रे आज?" अख्खी रांग आमच्याकडं बघायला लागली, त्यात आमच्या पेठेतले दोघं. आण्णांनी एक शब्द काढला नाही. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि सरळ गेटबाहेर. मी मागनं "आण्णा थांबा, आण्णा ऐका" करत पळतोय तोवर ते केएमटीच्या बसमध्ये चढले सुद्धा. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "मला येडा ठरवायला न्हेलतास व्हय रं?"

त्यानंतर तीन आठवडे त्यांनी माझ्याशी धड बोलणं टाकलं, झोप अजून कमी झाली, आणि मला रात्री त्यांच्या खोलीतला लाईट दिसला की पोटात गोळा यायचा. ताप आलेल्या माणसाला कोण असं ओरडून विचारतं का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायची असं स्पष्ट लिहिलंय, आणि शरीराच्या आजाराला जशी वागणूक तशीच ह्यालाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर तिथंच बोललो असतो.

त्याच दिवसांत एका रात्री मी १४४१६ ला फोन लावला. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी पहिल्यांदा आण्णा मरणाबिरणाचं बोलतात का ते विचारलं. घरचं माणूस तसं बोलत असेल तर माझ्यासारखं तीन आठवडे थांबू नका, त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दाखवा. आण्णा तसं बोलत नव्हते. मग त्या म्हणाल्या आजाराच्या नावावरनं वाद घालू नका, त्यांना स्वतःला जो त्रास वाटतोय त्यावर बोला. आण्णांना झोपेचा त्रास मान्य होता. "झोपेचं दाखवून येऊ" म्हटल्यावर आले.

दुसऱ्या वेळी आण्णांना बाहेर बाकावर आईजवळ बसवलं, मी एकटा रांगेत, आणि कागदावर नाव, वय, विभाग लिहूनच नेलं. तरी बाईंनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मी सरळ आत जाऊन त्यांच्या साहेबांना मागची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी माफी मागितली आणि केसपेपर स्वतः करून दिला.

पुढचं सगळं सोपं गेलं. डॉक्टरांनी वीस मिनिटं आण्णांचं ऐकून घेतलं, थायरॉईड आणि बी-१२ तपासायला सांगितलं, गोळी सुरू केली. गुण यायला दोन-चार आठवडे लागतात हे आधीच सांगितलं ते बरं झालं, नाहीतर आण्णांनी आठव्या दिवशीच सोडली असती. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही, कमी करायची ती डॉक्टरच करतात. आणि हो, बीपी-शुगरच्या चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, आम्हाला त्यासाठी परत घरी यावं लागलं.

दीड महिन्यानं आण्णा स्वतःहून म्हणाले, "कट्ट्यावर जाऊन येतो." आई दारात उभी राहून ते कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होती.

एक राहिलं, फॉलोअपला जुना केसपेपर न्यायला विसरू नका, नाहीतर परत त्याच खिडकीवर नवीन काढायला लावतात.